एक्केचाळीसचा जामीन

रोहा
९ जानेवारी २०२५

प्रिय नमू,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. दिवाळीत तुझं पत्र आलं, ते टेबलावर समोरच ठेवलं आणि रोज त्याच्याकडे पाहून दुसरं काम काढलं. कामं होती हे खरं. पण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं हे जास्त खरं. वाईट बातमी फोनवर दोन वाक्यांत उरकता येईल असं वाटत राहिलं, मग फोनही केला नाही. अलिबागचं कॉलेज सुटल्यापासून आपण पत्रं लिहितो ती याचसाठी ना, की कागदावर उरकता येत नाही.

तर बातमी अशी. आमच्या संशोधन केंद्रातला सोनचाफा गेला. तीच मर, शेंड्याकडून वाळत येणारी. आधी टोकाची पानं तांबूस होतात, मग फांदी, आणि पावसाळा सरेपर्यंत झाडाचं उभ्याउभ्या लाकूड झालेलं असतं. रानातल्या काटक चाफ्याशी बागेतल्या चाफ्याचा संकर करून आम्ही रोपं केली होती, रोह्यापासून पेणपर्यंत ओळखीच्या घरांत लावायला दिली होती. त्यातलीही सगळी गेली. तुझ्या परसातलं एक्केचाळीस नंबर तेवढं उभं आहे.

मागच्या वेळी त्याच्या सालीत ब्लेडने खाच पाडून मी मरीची बुरशी भरली आणि वर पट्टी बांधली, तेव्हा तुझी किमया शेजारी उभी होती. म्हणाली, "मावशी, चांगल्या झाडाला कशाला आजारी पाडता?" मी नेहमीचं उत्तर दिलं. रोग टोचल्याशिवाय टिकणारं कोण ते कळत नाही. उत्तर बरोबर आहे, शास्त्राला धरून आहे. पण त्या दिवशी घरी येऊन ते वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. जी पोर लहानपणापासून दम्याशी झगडतेय, तिला हे ऐकवायची काही गरज होती का?

अडचण अशी की झाड टिकलं, पण फुलत नाही. फूल नाही तर बी नाही, आणि बी नाही तर पुढची पिढी नाही. यंदाच्या उन्हाळ्यात त्यातून काही निघालं नाही तर हे संशोधन बंद करायचं असं ठरलं आहे. माझी आठ वर्षं त्यात आहेत, ती जाऊ देत. पण मग या पट्ट्यातला चाफा राहणार नाही. शाळेतून आल्यावर एकदा वर बघ आणि कळव. एखादी तरी कळी दिसते का?

तुझी
सावनी


जिते
२ मार्च २०२५

प्रिय सावनी,

माफी वगैरे राहू दे. बस आणि वाच, तुझ्या झाडाची गंमत सांगते.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे ओट्यावर जाळं विणत बसले होते. ऐकून म्हणाले, "सावनीबाईंनी त्या झाडाला नुसतं औषधपाणी केलं. धाक कोणी दाखवला? धाक नाय तर लाज कुठनं येल?"

आमच्याकडे न फळणाऱ्या आंब्याफणसाला धाक दाखवतात, तुला मी कधीतरी सांगितलं असेल. एकाने कोयता घेऊन झाडापुढे उभं राहायचं, तोडतो म्हणायचं. दुसऱ्याने मध्ये पडून झाडाच्या वतीने बोलायचं, त्याचा जामीन राहायचं. मग पहिलं फळ त्या जामिनाच्या हातावर ठेवायचं, की जामीन सुटला. चाफ्याला असं केलेलं कोणी ऐकलं नव्हतं. पण पौषातल्या अमावास्येला, भर दुपारी, सासरे, आमचे काळुराम आजोबा, कोयता घेऊन परसात उभे. मी जामीन राहणार असं ठरलं होतं.

"देतस का नाय? नाय देत त आज तुला आडवा करतो," असं ते इतक्या रागाने म्हणाले की मला हसूच आवरेना. तोंडावर पदर धरून मी तशीच उभी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अगो बोल की. हात भरून आला माझा."

तेवढ्यात किमया जेवायला बोलवायला आली. हातात पळी. एकदा आमच्याकडे बघितलं, पळी माझ्या हातात दिली, झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "नका तोडू आजोबा. यंदा देईल ते. मी जामीन."

सासऱ्यांनी कोयता खाली घेतला. किमयाने विचारलं, "आणि नाय दिलं तर?" ते म्हणाले, "ते आजवर कोणी विचारलं नाय. चल, भात निवतोय."

आता वाच. काल संध्याकाळी वर पाहिलं तर फांद्यांच्या टोकांना कळ्या. थोड्याच आहेत, जेमतेम ओंजळभर, पण आहेत. हवामानामुळे असेल, वय झालं म्हणून असेल, तू काहीतरी कारण सांगशीलच. पण लवकर ये.

तुझी
नम्रता


रोहा
२८ मार्च २०२५

प्रिय नमू,

परवा चहा न घेता निघाले, माफ कर. पराग बर्फात होते, आणि कळ्या उमलायच्या आत उघडाव्या लागतात. ती सगळी घाई तू पाहिलीसच. एकेका कळीतले केसर चिमट्याने काढून, आमच्याकडच्या जुन्या सुवासिक चाफ्याचे, तो मरायच्या आधी साठवलेले पराग लावून पिशव्या बांधल्या. त्या पिशव्यांना कोणी हात लावू नका. शेंगा धरल्या की मीच येऊन काढीन.

एक गोष्ट मनातून जात नाही. शिडीखाली उभं राहून तुझे सासरे म्हणाले, "बाई, एक फूल पोरीच्या हातावर ठेवा, मग न्या बाकीचं." मी म्हणाले, पुढच्या बहरात हवी तितकी. किमया हसून म्हणाली, "राहू द्या आजोबा, मी कुठे पळून चाललेय." तेव्हा माझ्या हिशेबाने एक कळी म्हणजे मूठभर बिया होत्या, आणि प्रत्येक बी लाखमोलाची. हिशेब आजही चुकीचा वाटत नाही. तरी माणसाने मागितलेली इतकी साधी वस्तू आपण दिली नाही, एवढं नोंदवून ठेवते.

दुसरं म्हणजे मी टोचलेली खाच शोधली. पट्टी बुंध्याला जशीच्या तशी बांधलेली होती, पण तिच्याखाली काहीच नव्हतं. बऱ्या झालेल्या जखमेची खूण राहते, साल जरा फुगते, रंग बदलतो. इथे साल अखंड होती. बाजूच्या भिंतीवर बुरशीचे पांढरे डाग आहेत, मुंग्यांची रांग आहे. रांग झाडापर्यंत येते आणि वळसा घालून पुढे जाते. शिडीला मी औषध मारलं होतं, त्याचा वास असेल.

वहीत मी "उत्तम" असा शेरा लिहिला. घरी आल्यावर त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले.

सावनी


जिते
१० जून २०२५

प्रिय सावनी,

तुझ्या शेंगा छान फुगल्यात. झाडाने दुसरा बहरही धरला, आणि हा तर नुसता पाऊस आहे फुलांचा. किमयाने रोज वेणी माळली. सासऱ्यांनी एक फूल मुद्दाम तिच्या तळहातावर ठेवलं, पण ठेवताना स्वतःच पुटपुटले, "हे पयलं नव्हं." म्हातारपण.

आणि खरी बातमी आता सांगते. मुद्दाम इतके दिवस सांगितली नाही, दृष्ट लागेल म्हणून. किमयाला या उन्हाळ्यात एकदाही दम लागला नाही. धुळीत नाही, मळभात नाही, गणपतीच्या कारखान्यातल्या रंगाच्या वासात नाही. दम्याच्या पंपावरची तारीख उलटून गेली, तो फेकून दिला. तुला तर माहीत आहे, किती वर्षं मी तो पंप कमरेला खोचून शाळेत शिकवलं.

खाडीकडचे डास आता सुरू झालेत. तिन्हीसांजेला ओट्यावर आम्ही सगळे टाळ्या पिटत बसतो आणि ही मध्ये बसून शांतपणे पुस्तक वाचते. तिला एकही चावत नाही. अमोल लेकीकडे बघून म्हणतो, "हिला कामावर, धरमतरच्या जेटीवर नेऊन उभी करतो, आख्ख्या शिफ्टची सोय होईल."

झाडाचं मात्र जरा नवल आहे. खाली पडलेली फुलं काळी पडत नाहीत. पिवळी ती पिवळीच. खतखड्ड्यात टाकलेला पालाही कुजत नाही, भाज्यांची सालं कुजली आणि पानं वर तशीच तकतकीत. शेजारची भाविका पूजेला फुलं न्यायची, परवा येऊन म्हणाली, "नमू, तुझी फुलं निर्माल्य होत नाहीत गो. देवावरनं काढायची तरी कधी?" आता ती नेत नाही.

पण मला झाडाशी काय. माझी पोर श्वास घेतेय. तुझ्या शास्त्राला आणि आमच्या धाकाला दोघांनाही नमस्कार.

नमू


रोहा
३० जून २०२५

प्रिय नमू,

किमयाची बातमी वाचून डोळे भरून आले. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मला आनंद झाला नाही.

तू पत्रासोबत पाठवलेली पानं मी काचेच्या बशीत ओल्या कापसावर ठेवली आणि भोवती बुरशी सोडली. बुरशी बशीभर पसरली, पानांच्या जवळ आली आणि थांबली. पानांभोवती स्वच्छ रिकामं कडं राहिलं. मरीचीच बुरशी नव्हे, भाकरीवरची घातली, मातीतली घातली, तरी तेच. आमच्या विभागप्रमुखांनी फोटो काढले. त्यांना वाटतं हा मोठा शोध आहे, आणि कदाचित असेलही.

मला त्रास दुसऱ्या गोष्टीचा होतो. झाड रोगाला अडवतं तेव्हा लढत असतं. डिंक येतो, गाठ येते, व्रण राहतो. इथे लढाई दिसत नाही. जणू रोग येतो आणि त्याला धरायला तिथे काही सापडत नाही.

नमू, रागावू नकोस. किमयाला भूक लागते का? पाळी वेळेवर आहे का? ती चिडते का, पूर्वी चिडायची तशी? दोन गोष्टी शेजारीशेजारी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी केंद्रात शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवते. स्वतःलाही रोज सांगते. तरी एकदा पेणच्या डॉक्टरांकडे रक्त तपासून घे. माझ्या समाधानासाठी.

सावनी


जिते
८ जुलै २०२५

सावनी,

रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, इतका स्वच्छ रिपोर्ट मी माझा स्वतःचाही पाहिला नाही.

ती जेवते, झोपते, कॉलेजला जाते, घरात मदत करते, उलट बोलत नाही. मोठी झाली. पोरी मोठ्या होतात. तुला मूल नाही हे मी तुला कधी बोलून दाखवलं नसतं, आजही बोलायचं नव्हतं. पण रात्र रात्र उशाशी बसून लेकराचे श्वास मोजले असतेस तर हे प्रश्न तू विचारले नसतेस. माझी मुलगी तुझ्या बशीतलं पान नाही.

शेंगा तयार झाल्या की कळवते. येऊन घेऊन जा.

नम्रता


हमरापूर
३ ऑगस्ट २०२५

सावनीमावशी,

स. न. वि. वि. तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. परवा तुम्ही शेंगा न्यायला आलात तेव्हा आई तुमच्याशी नीट बोलली नाही, आणि तुम्ही माझ्याकडे सारख्या बघत होतात. म्हणून लिहिते. आईला सांगू नका.

हितेशदादाच्या इथल्या गणपतीच्या कारखान्यात मी आखणी करते हे तुम्हाला माहीत आहे. मूर्तींचे डोळे रेखायचं काम माझ्याकडेच असतं. पूर्वी मध्येच दम लागला की ब्रश खाली ठेवावा लागायचा. मग एखाद्या मूर्तीचा डोळा किंचित मिटल्यासारखा व्हायचा, दुसराही तसाच करून घ्यायचा. लोक नेमक्या त्याच मूर्ती आधी उचलायचे. यंदा हात जराही हलत नाही. सगळे डोळे एकसारखे आले.

एक मोठी रांग पूर्ण झाली तेव्हा दादा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. म्हणाला, "किमया, हे कोणाकडं बघतायत गो?" मी म्हटलं, समोर. तो म्हणाला, "समोर मी उभा हाय." मग त्याने सगळे डोळे पुसून दुसऱ्याकडून काढून घेतले आणि मला दागिन्यांच्या रंगावर बसवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली.

तुम्ही आईला भुकेबद्दल विचारलं होतंत, ते पत्र मी वाचलं. मी जेवते, वेळ झाली की. सुका बांगडा भाजलेला मला लांबून कळायचा. आता तो खारट आहे एवढं कळतं. आमची मांजर माझ्या मांडीवर बसत नाही, मी तिला हाकलत नाही तरी. पूर्वी दम लागला की आई पाठ चोळायची, बाबा खिडक्या उघडायचे, आजोबा दारात उभे राहून देवाला शिव्या द्यायचे. आता कोणी जवळ येत नाही. यायला काही कारणच नसतं.

दुपारी मी झाडाखाली जाऊन उभी राहते. तिथे बरं वाटतं असं लिहिणार होते, पण ते बरोबर नाही. तिथे आणि इथे सारखंच वाटतं. तिथे ते सारखं वाटणं योग्य वाटतं, एवढंच.

एक विचारायचं होतं. तुम्ही झाडाला रोग टोचता आणि तो लागला नाही की त्याला उत्तम म्हणता. मग माझं आता उत्तम चाललंय का?

तुमची
किमया


जिते
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सावनी,

मागच्या पत्रात मी जे बोलले त्यासाठी क्षमा मागायलाही तोंड नाही. तू सासऱ्यांच्या दिवसांना आलीस, माझा हात धरून बसलीस आणि त्यातला एक शब्दही काढला नाहीस.

तेव्हा माणसं होती म्हणून बोलता आलं नाही, ते आज लिहिते. सासऱ्यांचा शेवट किमयाच्या समोर झाला. तिने त्यांचं सगळं केलं, माझ्यापेक्षा नीट केलं. पाणी पाजलं, अंग पुसलं. ते तिचा हात धरून होते. अखेरीला म्हणाले, "पोरी, तुझा हात गार नाय, गरम नाय." मग गेले. ज्या आजोबांच्या पाठीवर बसून ती मिठागरं हिंडली, त्यांच्यासाठी तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. बाहेर बायका कुजबुजायला लागल्या. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन अगदी काळजीने म्हणाली, "आई, मी रडायला हवं होतं ना? मी प्रयत्न केला." सावनी, त्या क्षणी मला माझ्याच पोरीची भीती वाटली. आणि कळलं की ही भीती मला जूनपासून वाटत होती, मी तिला शहाणपण म्हणत होते.

तुला न विचारता आम्ही झाड कापलं. दसऱ्यानंतर अमोलने जेटीवरचा एक माणूस आणला, यंत्राच्या करवतीने झाड आडवं केलं. कापताना लाकडात ओल दिसली नाही, भुसा उडाला तो कोरडा आणि पांढरा. फांद्या परसात पडून आहेत. दिवाळी होऊन गेली. पानं अजून हिरवी आहेत. एक पान सुरकुतलेलं नाही. आडव्या झाडावर काल कळ्या दिसल्या. त्या बघून अमोल परसाकडचं दार लावून घेतो, आणि किमया दुपारी ते उघडून बाहेर जाते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही जे वाटतं ते लिहिते. तिने जामीन झाडासाठी दिला नव्हता, फुलासाठी दिला होता. ते पहिलं फूल तिच्या हातावर आलंच नाही, म्हणून ती अजून सुटली नाही. त्याच्या बिया झाल्या, आणि त्या तुझ्याकडे आहेत. त्या तिच्या हातावर ठेवायला हव्यात. सगळ्या.

दमा परत आला तर येऊ दे. मी बसेन उशाशी. मला बसायची सवय आहे.

नमू


रोहा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नमू,

उत्तराला दोन आठवडे लावले. त्यात मी काय केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे काही लपवलं जाणार नाही.

बिया आता बिया नाहीत. चाफ्याचं बी ठेवून टिकत नाही, म्हणून ऑगस्टमध्येच पेरलं. सगळं उगवलं. इथल्या ट्रेमध्ये दुसऱ्या कोणाचीही रोपं असली की थोडी तरी मानेशी कुजून पडतात. यातलं एक पडलं नाही. प्रत्येकाला चार-चार पानं आहेत, सगळी एका बाजूला वळलेली. प्रकाशाकडे असतील म्हणून मी ट्रे फिरवले. सकाळी पाहिलं तर पानं पुन्हा उत्तरेला, पेणच्या, म्हणजे तुमच्या घराच्या दिशेला होती. खिडकी दक्षिणेला आहे.

विभागप्रमुख खूश आहेत. यावर कलमं करून दोन वर्षांत जिल्हाभर वाटायची असा बेत आहे. शाळा, देवळांची आवारं, घरांची परसं. त्यांचं बोलणं ऐकताना मला घरोघरची निर्माल्य न होणारी फुलं दिसत होती, आणि दारात उभी असलेली शांत, निरोगी माणसं. हा पुरावा नव्हे. हे मी त्यांना सांगूही शकले नाही.

मग मी काल पेणला किमयाच्या कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन तिला भेटले. तुला न सांगता गेले, कारण तुझ्यासमोर ती तुझ्यासाठी उत्तर देईल अशी मला शंका होती. ऑगस्टमध्ये तिने मला एक पत्र लिहिलं होतं, तुला सांगू नका अशी अट घालून. काल विचारलं, आता सांगू का? म्हणाली, "सांगा, फरक पडत नाही." ते सोबत जोडते. सावकाश वाच, अमोल घरी असताना वाच.

तिला मी सरळ विचारलं. रोपं तुझ्या हातावर ठेवली तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित दमा परत येईल, आणि त्याबरोबर बाकीचंही सगळं येईल. आजोबा गेल्याचं दुःखही एकदम येईल. तुला काय हवंय?

तिने खांद्यावरची बॅग सारखी केली. मग म्हणाली, "मावशी, मला दोन्ही चालेल. मला हवं असं काही होत नाही. पण आधीची किमया मला नीट आठवते. तिला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं ते सांगू शकते." मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, "ती म्हणाली असती, द्या. लगेच द्या, वाट कसली बघता. आणि तुमच्यावर जरा चिडली असती." एवढं बोलून ती बसमध्ये चढली. माझ्या शेजारी कॉलेजची दोन मुलं उभी होती, ती तिला वाट द्यायला नको तितकी मागे सरकली.

ही संमती धरायची का, यावर मी रात्री वही भरली. जिला काही नकोसं होत नाही तिच्या होकाराला काय अर्थ, असं एका पानावर आहे. दुसऱ्या पानावर असं, की हे सगळं माझं आणि तुझं मनच घडवत असेल तर मी आठ वर्षांचं काम आणि या पट्ट्यातला चाफा एका समजुतीपायी घालवतेय. रोपं केंद्राची आहेत, माझी नाहीत. नेली तर जाब द्यावा लागेल, आणि तो मला देता येणार नाही. तिसऱ्या पानावर काहीच नाही. पण आधीच्या किमयाचं उत्तर मला ओळखीचं वाटलं. ते तिचंच होतं. त्या आवाजाचं ऐकायचं असं मी ठरवलं आहे.

अजून एक, तेही लिहायलाच हवं. आज संध्याकाळी रोपवाटिकेत ट्रे एकत्र करताना एक रोप मी वेगळ्या कुंडीत लावून कपाटामागे ठेवलं. एकाने काय होतं, असं मनात म्हटलं. हात धुतले, कुलूप लावलं, फाटकापर्यंत गेले. परत आले. कपाटामागे अंधार होता आणि रोपाची पानं भिंतीकडे, उत्तरेकडे वळलेली होती. ते उचलून पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं.

डॉक्टरांना घरी बोलावून ठेव. तिला एकटी सोडू नकोस. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, सोबतच आणते. माझ्या हाताने तुला देईन, आणि तू वाचेपर्यंत बाहेर उभी राहीन.

सावनी

वहीतली आजची शेवटची ओळ: उद्या किमयाला रोपं पोचवणे. सगळी.